आबांच्या फाईलचा नंबर

१० मे

आज तिसऱ्यांदा प्रिंट अर्ध्यात थांबली. बारा बाय आठचं बॅनर, एका सोसायटीच्या नव्या चेअरमनचं अभिनंदन. फेट्यापासून सुरू झालं, नाकापर्यंत आलं आणि मशीन गप्प. चेअरमनला तोंडच नाही. शेजारच्या कॉम्प्युटरवर काम करणारा धम्मानंद म्हणाला, "बरं झालं, लय बोलतंय ते." मला हसू आलं नाही. एवढा फ्लेक्स वाया गेला आणि बन्सीधर काका नुसते बघत राहिले. दुकानमालक ओरडला तर बरं वाटतं, बघत राहिला की जीव नकोसा होतो.

सर्व्हर मी बसवलाय, म्हणून दोषही माझाच. एप्रिलपर्यंत आमच्या दुकानात तीन कॉम्प्युटर आणि एक पेन ड्राईव्ह असा कारभार होता. कोणाचा फोटो कुठल्या मशीनवर, पत्ता नाही. मीच हट्ट धरला की सगळं एका जागी ठेवू. काकांनी जुना कॉम्प्युटर आणून दिला, मी इंटरनेटवरच्या कुठल्याशा जुन्या टिपणावरून आठ दिवस खपून तो लावला. वाढदिवस, लग्न, अभिनंदन, उद्घाटन, श्रद्धांजली असे फोल्डर केले. काकांनी सगळ्या सोनपेठात सांगितलं की आमच्या शीलानं सर्व्हर बसवला. आता तेच लोक अर्धी तोंडं घेऊन परत येतात.

१ जून तोंडावर आलाय. आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा दिवस. इकडच्या अर्ध्या म्हाताऱ्यांचा जन्म एक जूनचा, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. माझ्या वडिलांची, आबांचीही तीच. तिसरीपर्यंतच शाळा शिकले, पण तारीख चिकटली ती चिकटलीच.

१४ मे

आज माझ्याकडून चुकलं.

चारच्या सुमाराला लग्नाचं मोठं बॅनर लावलं होतं. नवरदेव आला, नवरी अर्धी आली आणि मशीन थांबलं. पडद्यावर तोच संदेश: स्टेल फाईल हँडल. स्टेल म्हणजे शिळं. समोर नवरीचा मामा उभा. तेवढ्यात आबांचा फोन.

आबा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघतात ते मिरगाच्या आधी येतात. यंदा पार विदर्भात पुसदच्या पुढं गेलेत. बरोबर सिताराम काका. दहा-बारा दिवसांनी एकदा फोन येतो.

"शीले, जेवलीस का?"

"जेवले आबा."

"अगं ती काळतोंडी हाय ना, तिला जुळी झाली. दोनी बी काळतोंडीच. म्या म्हनलं शीलीला सांगावं, तिची मेंढी हाय."

लहानपणी ती मेंढी माझी म्हणून ठरली होती. तिची आई खरं तर. आबा अजून तिच्या लेकीलाही माझीच म्हणतात.

मी म्हणाले, "आबा, ठेवा आता. कामात हाय."

"बरं बरं. ठिवतो. ऊन लय हाय इकडं, मी म्हनत व्हतो…"

मी फोन कापला. मामा माझ्यावर ओरडत होता आणि मी माझ्या बापाचा फोन कापला. आठ वाजता लावला तर बंद. बॅटरी उतरली असेल.

१५ मे

बंद.

१७ मे

आबांचा फोन बंदच. सिताराम काकांच्या मोबाईलचा रिचार्ज संपलाय, त्यावर फोन जातच नाही. मायला अजून सांगितलं नाही. ती गावी एकटी, मी इथं खोली करून राहते, रविवारी जाते. ती विचारणारच.

आज कामात डोकं घातलं, नाहीतर वेड लागलं असतं. दोष सापडला.

झालं असं की प्रिंट सुरू झाली की धम्मानंद ती फाईल उचलून "झाले" फोल्डरमध्ये टाकतो. त्याला वाटतं मशीनकडे गेली म्हणजे झालं. पण मोठं बॅनर निघायला पाऊण-एक तास लागतो आणि तेवढा वेळ मशीन सर्व्हरकडून फाईल थोडी थोडी मागून घेत असतं. ते फाईलला नावानं मागत नाही. पहिल्यांदा उघडताना सर्व्हर त्याला एक खूण देतो, तिलाच हँडल म्हणतात, त्यात फाईलचा नंबर असतो. नंबर जन्मभर तोच. नाव बदला, फोल्डर बदला, त्या सर्व्हरवर आहे तोवर नंबर बदलत नाही. म्हणजे अडचण यायला नको होती. पण त्या जुन्या टिपणातून मी एक जादा तपासणी चालू करून बसले होते. तिच्यामुळे खुणेत नंबराबरोबर फोल्डरही लिहिला जायचा. दर मागणीला सर्व्हर बघायचा की फाईल अजून त्याच फोल्डरात आहे का. धम्मानंदनं हलवली की सर्व्हर म्हणायचा, तुझी खूण शिळी, चालता हो.

सेटिंगमधला एक शब्द बदलला. मग मुद्दाम प्रिंट चालू असताना फाईल तीनदा इकडून तिकडे हलवली. मशीनला काही कळलंच नाही, गुपचूप छापत राहिलं.

काकांना दाखवलं. ते म्हणाले, "म्हंजी आता कोनी कुठं बी टाकलं तरी तुला तरास न्हाई?"

"न्हाई काका. आता फाईल कुठं बी गेली तरी हातची सुटायची न्हाई."

धम्मानंदनं चहा पाजला. महिनाभरात पहिल्यांदा मला हुशार वाटलं. मग आठवलं की हेच चौदा तारखेच्या आधी केलं असतं तर फोन कापायची वेळ आली नसती.

१९ मे

रविवार. गावी गेले. मायनं दारातच विचारलं, "फोन आला व्हता का?" मी म्हणाले, आला होता, काळतोंडीला जुळी झाली. खोटं नव्हतं. ती इतकी हसली की मला भाकर जाईना.

मला राहून राहून वाटतं, आबांना पत्ता असा कधी नव्हताच. आज ह्या शिवारात, उद्या त्या. आमच्यासाठी ते म्हणजे दहा आकडी नंबर. तो लावला की कुठंही असले तरी सापडायचे. आता तो लावला की एक बाई सांगते, संपर्क होऊ शकत नाही. दिवसातून वीस वेळा तिचा आवाज ऐकते. मला तिचा राग येतो.

२२ मे

निरोप आला! अनोळखी नंबर, एका चहाच्या टपरीवाल्याचा. म्हणाला, "तुमच्या वडिलांचा मोबाईल हिरीत पडलाय. ठीक हायेत. परतीला लागलेत, पाऊस पडायच्या आधी घरी येतो म्हणून सांगा म्हनले." मी म्हणाले, त्यांना द्या ना फोन. तर ते मेंढरांमागं पुढं निघून गेले होते.

मी भर दुकानात रडले. धम्मानंद उठून बाहेर गेला.

ठरवलं. एक जूनला आबांचं बॅनर चौकात लावायचं. जगातल्या प्रत्येक टुकार माणसाचं बॅनर मी केलंय, बापाचं एकही नाही.

२६ मे

चार दिवसांत दुसरा निरोप नाही. ऊन असं की दुपारी चौकात कुत्रंसुद्धा नाही. पेपरात रोज उष्माघाताची बातमी, मी पान उलटते.

आबांचा चांगला फोटो एकच आहे. दिवाळीनंतर निघताना मीच काढलेला. धुतलेलं पागोटं, खांद्यावर घोंगडी, तोंडावर लाजल्यासारखं हसू. "पुरे गं, मेंढरं पांगतेत," म्हणत होते. तोच घेऊन बॅनर केलं. दहा बाय आठ. धम्मानंद शेजारी येऊन बसला.

"नावाखाली काय टाकायलीस?"

"मेंढपाळ."

"नुसतं मेंढपाळ? समाजभूषण तरी टाक. कालच्या पोराला आपन 'भावी आमदार' टाकलं, त्याला अजून मिशी न्हाई."

"मेंढपाळच ऱ्हाऊ दे."

खाली शुभेच्छुक म्हणून दोनच नावं, मायचं आणि माझं: कासाबाई आणि शीला. बाकीची जागा रिकामी दिसत होती म्हणून काळतोंडीचा जुना फोटो टाकला. फाईल "वाढदिवस" फोल्डरमध्ये ठेवली, "उमाजी आबा" नावानं.

काका बघून गेले. म्हणाले, "झ्याक." मग जाता जाता, "माणूस तर येऊ दे आधी." मला ते लागलं. दिवसभर बोलले नाही त्यांच्याशी.

२८ मे

दुकानात भांडण. एका वाढदिवसाच्या बॅनरवर शुभेच्छुकांच्या रांगेत किशनराव गुत्तेदारांचा फोटो गेला. किशनराव फेब्रुवारीत वारले. मेलेला माणूस हात जोडून शुभेच्छा द्यायला लागला, त्यांची मुलं दुकानात आली, काच फुटता फुटता राहिली. चूक जुनीच होती: त्यांचा फोटो श्रद्धांजलीसाठी घेताना कोणीतरी कॉपी केला आणि मूळ वाढदिवसाच्या फोटोंतच राहिला.

काकांनी सगळ्यांना उभं करून नियम घालून दिला. माणूस गेला की त्याची फाईल वाढदिवसातून उचलायची आणि श्रद्धांजलीत टाकायची. कॉपी करायची नाही. "श्रद्धांजलीत गेलेलं माणूस दुसऱ्या कोन्त्याच फोल्डरात दिसलं न्हाई पायजे." धम्मानंद म्हणाला, काका, तुमी यमाचं काम करायलात.

निरोप नाही. पुसदहून इथं यायला मेंढरांना किती दिवस लागतात याचा हिशेब रोज करते आणि रोज वेगळा येतो.

३० मे

आज आबांचं बॅनर छापलं. सगळं लिहून ठेवते, कारण मन ठिकाणावर नाही आणि का नाही ते कळत नाही.

पावणेचारला मशीनला लावलं. मशीन मागच्या पत्र्याच्या खोलीत आहे, आत भट्टी पेटल्यासारखं. तरी मी तिथंच उभी राहिले. पागोटं आलं. कपाळ आलं. डोळे आले तेव्हा माझे भरून आले. या वेळी काही थांबणार नाही हे मला माहीत होतं, तरी जागची हलले नाही.

मध्येच पुढं मोटारसायकलचा आवाज आला. खिडकीतून बघितलं तर रामहरी दादा, माझा चुलत भाऊ. काकांच्या टेबलाजवळ उभा राहून हळू बोलत होता, हातात टोपी. मी हाक मारणार होते, पण गालाचा रंग फिका यायला लागला म्हणून मशीनकडे वळले. परत बघितलं तर तो गेलेला. इतक्या लांबून येऊन बहिणीला भेटला नाही. काय समजतो स्वतःला? मागच्या महिन्यात त्याच्या मुलाचं बॅनर मी फुकट करून दिलं.

चार चाळीसला प्रिंट पूर्ण झाली. एक रेघसुद्धा चुकली नाही. ओढत पुढं आणून काकांना दाखवलं. "बघा काका, एकदा बी थांबलं न्हाई."

काका बॅनरकडे बघत राहिले. मग चष्मा काढून पुसायला लागले. म्हणाले, "व्हय गं. थांबाया पायजे व्हतं." मी म्हणाले, काय? ते म्हणाले, "काई न्हाई. ऊन लय हाय. तू आज आमच्या घरी जेव. काकूनं बोलवलंय."

एक जून दोन दिवसांवर, चाळीस बॅनर बाकी, आणि हे मला पाचला घरी पाठवतात. धम्मानंद माझ्याकडे बघेचना. मी म्हणाले, माझं काही चुकलं का? तो म्हणाला, "तुझं काय चुकंल." मी म्हणाले, रामहरी दादा कशाला आला होता? काका म्हणाले, "असंच. बॅनरचं इचारायला."

सविता काकूंकडे जेवले. त्यांनी स्वतः काही घेतलं नाही, उपास आहे म्हणाल्या. गुरुवारी त्यांचा उपास कधीपासून? जबरदस्तीनं ताटात तूप वाढत होत्या, "खा बाई, आज खाऊन घे." आता इथंच थांब म्हणतात, उद्या सकाळी काका तुला गावी सोडतील, मायला जरा बरं नाही म्हणे. मायला काय झालं? फोन लावला तर कोणी तरी बाईनंच उचलला, ती झोपलीय म्हणाली. दिवेलागणीला माय कधी झोपत नाही.

माझी खात्री आहे की मायनं उन्हात काहीतरी काम काढलं असणार. आबा येतील तेव्हा दोघांची मिळून खरडपट्टी काढते. बॅनर गुंडाळून उशाशी ठेवलंय. शाईचा वास येतो.

३१ मे

सकाळी सहाला काकूंना न सांगता दुकानात आले. गावी जायच्या आधी आबांचा फोटो मोबाईलमध्ये घ्यायचा होता, मायला दाखवायला.

"वाढदिवस" उघडलं. "उमाजी आबा" नाही.

राग आला. वाटलं, धम्मानंदनं "झाले"मध्ये टाकली. तिथं नाही. पुसली गेली म्हणावं तर प्रिंट शेवटपर्यंत आली होती, म्हणजे फाईल असणारच. नेमक्या त्याच नावानं शोधलं, सापडली नाही. मग कालच्या प्रिंटच्या नोंदीतून तिचा नंबर घेतला आणि सगळ्या सर्व्हरवर तो नंबर शोधायला लावला. नंबर खोटं बोलत नाही.

एकच ओळ आली.

श्रद्धांजली, मे, कै. उमाजी आबा.

मी पुन्हा शोधायला लावलं. पुन्हा तीच ओळ. नंबर तोच. हलवल्याची वेळ काल चार वाजून बारा मिनिटं. तेव्हा मी मागं पत्र्याच्या खोलीत होते. आबांचे डोळे छापून झाले होते, हसू छापायचं होतं.

शेजारी दुसरी फाईल होती, काकांनी केलेली. तोच फोटो, काळा-पांढरा. पागोटं, घोंगडी. नावाखाली त्यांनीही "मेंढपाळ" तेवढंच ठेवलं होतं.

शटरचा आवाज झाला. काका दारात उभे होते. मी म्हणाले, "कुठं?"

"औंढ्याच्या अलीकडं. काल दुपारी. मेंढरं पाण्यावर घातली आन् बाभळीखाली बसले म्हनं. सितारामला वाटलं डोळा लागला." मग म्हणाले, "रामहरी म्हनला, घरी आनोस्तर पोरीला सांगू नका. तुझी मशीन चालू व्हती गं, मला थांबवू वाटलं न्हाई."

आबांना घेऊन पिकअप दहाला गावात येणार आहे. हे लिहितेय कारण हाताला दुसरं काही करता येत नाही. ऊन लय हाय इकडं, मी म्हनत व्हतो. काय म्हणत होते? मला ते कधीच कळणार नाही.

१५ जून

मंगळवारी तेरावं झालं. आज दुकानात आले.

मेंढरं आठ दिवसांपूर्वी आली. सिताराम काका एकटेच घेऊन आले आणि अंगणात बसून लहान लेकरासारखे रडले. काळतोंडी आहे, जुळीही आहेत. पाऊस सुरू झाला तसा मायनं माझं बॅनर मागितलं. कोकरांच्या वाड्यावर आडोसा नव्हता. मी म्हणाले, नको माय, त्याच्यावर आबा हायेत. ती म्हणाली, "म्हनूनच दे." छापलेली बाजू खाली करून तिनं ते बांधलं. आत वाकून बघितलं की वर आबा हसताना दिसतात आणि खाली जुळी पितात. मला तिथं दोन मिनिटं उभं राहवत नाही.

मला कुणाचाच राग नाही असं सगळ्यांना सांगते. खोटं आहे. मला माझा राग आहे. मी एक शब्द बदलला नसता तर चार बाराला मशीन थांबलं असतं, पडद्यावर तो संदेश आला असता, मी धावत पुढं गेले असते आणि रामहरी दादाला दारात गाठलं असतं. रात्रभर बापाला उशाशी गुंडाळून ठेवून त्याची खरडपट्टी काढायचे बेत केले नसते. दुसरं काही बदललं नसतं, मला माहीत आहे. पण तेवढं तरी.

दुपारी सर्व्हर उघडून तो शब्द परत पहिल्यासारखा केला.

साडेतीनला अभिनंदनाचं बॅनर छातीपर्यंत येऊन थांबलं. धम्मानंद ओरडला, आई शप्पथ, परत झालं! काका धावत मागं आले. पडद्यावर शिळ्या हँडलचा संदेश.

"कोनी हलवली फाईल?"

"म्या," धम्मानंद म्हणाला.

काका माझ्याकडे वळले. "हे तर तू नीट केलतं ना गं शीला?"

"केलतं."

"मंग?"

"परत बिघडवलं. ऱ्हाऊ द्या काका. फ्लेक्स वाया गेला तर माझ्या पगारातनं कापा. पन कोनी काई हलवलं तर मला कळू द्या."

काका अर्ध्या माणसाकडे बघत उभे राहिले. मग स्वतःच्या हातानं ते कापून बाजूला ठेवलं आणि धम्मानंदला म्हणाले, "आजपासून प्रिंट संपोस्तर फाईलीला हात लावायचा न्हाई. आन् लावायचाच असंल तर आधी हिला सांगायचं."